प्रत्येक ठणका अर्धशिशीचा नसतो

डोकं दुखलं की गोळी घ्यायची, बाम चोळायचा आणि अंधाऱ्या खोलीत पडायचं, हे आपल्या वालूर गावापासून मुंबईपर्यंत घरोघरी चालतं. अर्धशिशीची कळ बहुधा हळूहळू चढते. पण जी कळ मिनिटभरात असह्य होते, ‘असं डोकं जन्मात दुखलं नव्हतं’ असं माणूस म्हणतो, ती धोक्याची समजावी. मेंदूच्या रोहिणीवरचा फुगा फुटून मेंदूभोवती रक्त पसरल्याचं ते लक्षण असू शकतं. उलटी आणि उजेडाचा त्रास दोन्हींत होतो, म्हणून गफलत होते. मान ताठणं, शुद्ध हरपणं, बोबडी वळणं ही मात्र गंभीर खूण.

डोकेदुखीसोबत ताप आणि ताठ मान असेल तर मेंदूज्वराची शंका घ्यावी. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरेत गुठळीही होऊ शकते. डोळा लाल होऊन अंधुक दिसलं तर अचानक उद्भवलेला काचबिंदू असू शकतो.

मेंदूभोवतीचा रक्तस्राव पहिल्या सहा तासांतल्या सीटी स्कॅनमध्ये सहसा दिसतोच. उशीर झाला तर तो निसटू शकतो. म्हणून वालूरकरांनो, सकाळची वाट पाहू नका. ॲस्पिरिन देऊ नका, १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.