कोरे सूप

गौरी यायच्या आधी घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या बाजारांत सुपांच्या चळती लागतात. कोकणातून येऊन उपनगरात रुजलेल्या घरांत नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीला सूप वाहण्याचा विधी, असतो आणि त्याला सूप कोरेच लागते. दोनेक महिन्यांनी, कार्तिकात, छठपूजा. जुहूच्या किनाऱ्यावर किंवा पवईच्या तलावाकाठी सूर्याला अर्घ्य देणाऱ्या उत्तर भारतीय बायकांच्या हातातही सूपच, फळांनी आणि ठेकुव्यांनी भरलेले. धान्य पाखडणे इथून कधीच गेले, तांदूळ पिशवीतून निवडूनच येतो. तरी बुरुडाच्या हाताला काम आहे ते बरेचसे या दोन सणांमुळे.

बसवेश्वरांच्या काळातल्या शरण मेदार केतय्यांना बुरूड समाज आपला पूर्वज मानतो. हत्यार म्हणाल तर मुख्य एकच, कोयता. निम्मे कसब मात्र बांबू निवडण्यात असते. कोंब एका मोसमात पूर्ण उंची गाठतो आणि पुढे जाडही होत नाही, तीनेक वर्षांत नुसता टणक होतो. त्याआधी तोडला तर सुकताना आकसतो आणि लवकर किडतो. फार जून असला तर पाती काढताना कडाकडा मोडतो. लांब पेराचा, ओलसर बांबू उभा चिरून कामट्या काढायच्या, मग कामटीची पाठ आणि गाभा वेगळा करायचा. पाठ चिवट, म्हणून ती काठाला. चीर एका बाजूला घसरू लागली की नवखा जोर लावतो. जाणता माणूस जाड बाजू जरा वाकवतो आणि चीर आपसूक मध्यावर येते. हे शिकवून येत नाही, बोटांनाच कळावे लागते.

विणीतही हिशेब आहे. एकाच पट्टीने टोपली गोल विणत न्यायची तर उभ्या कामट्या विषम हव्यात. सम असल्या तर पट्टी दुसऱ्या फेरीला पुन्हा त्याच कामट्यांवरून जाते आणि वीण बसतच नाही. रोवळीला पाणी निथळण्यापुरत्या फटी ठेवतात. सुपाची वीण दाट, वर जुन्या बायका मेथी आणि कागदाच्या लगद्याने ते लिंपून घेत.

पण सणांनी वाचवले ते सूप, फार तर परडी. धान्य साठवायची कणगी, डालगे, इरले ही नावे आता आजीच्या बोलण्यातच. वर्सोव्याच्या कोळणींच्या टोपलीची जागा प्लास्टिकच्या टबाने घेतली. २०१८च्या मार्चमध्ये राज्याने प्लास्टिकबंदी आणली खरी, पण तिचा रोख पिशव्या आणि वापरून फेकायच्या वस्तूंवर होता. टब-बादल्या सुखरूप राहिल्या. बांबूवाल्याचे बारमाही गिऱ्हाईक एकच, तिरडी. तिथे कोणी घासाघीस करत नाही.

वेताचे कारागीर निराळे. वेत हा बांबू नव्हेच, तो वेलीसारखा चढणारा काटेरी ताड, आतून भरीव, म्हणून तापवून वाकवला तरी चपटा होत नाही. झोपाळे-खुर्च्यांसाठी उपनगरातले लोकही माहीमच्या दुकानांपर्यंत जातात.

बुरुडाची अडचण मला मालाची वाटत नाही. सिंधुदुर्गात माणगा ही बिनकाट्यांची, जवळजवळ भरीव जात शेतकरी बांधावर लावतात. १९२७च्या वनकायद्याने बांबू या गवताला झाड ठरवले होते. २०१७च्या नोव्हेंबरात केंद्राने वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला आणि शेतातला बांबू तोडणे-नेणे सोपे झाले. म्हणजे बांबू ट्रकमध्ये बसतो, अडते ते उतरवल्यावर. अख्खा बांबू आडवा टाकून चिरायला वीसेक फूट सलग जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत ती कुठली? म्हणून कारखाना पदपथावर, आणि पालिकेची गाडी दिसली की तो गुंडाळायचा. प्रशिक्षण शिबिरांत दिवे आणि पेनस्टँड शिकवतात, वाईट काही नाही. पण मंडईत भाजीवाल्याला ओटा असतो, तशी बुरुडासाठी लांबट पट्टी कुणी आखल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुनर्विकासात चाळीचे अंगण जाऊन वरच्या मजल्यावर घर मिळते, आणि लिफ्टमध्ये बांबू मावत नाही. मग खालीच त्याचे तुकडे करायचे. तुकड्यांची सुपे होतात, कणगी होत नाही.