लांब पल्ल्याची रायफल

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीची दारे बंद केली, आणि ते उचितच झाले. मग ज्याचे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले त्याने रायफलीवर का बोलावे? कारण हत्यार कसे निवडावे हा कारखान्यातल्या माणसाचाच प्रश्न आहे. शिवाय येथे निवड चुकली, तर हाल गिऱ्हाइकाचे होत नाहीत. मुक्या जनावराचे होतात.

आपण अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात जाऊ. तेथे एल्क नावाचे हरिण आहे, सांबराहूनही मोठे. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो. सरकारी परवान्याने, ठरलेल्या हंगामात त्याची शिकार होते. उघड्या उतारावर तो पाचशे यार्डांवर उभा दिसतो आणि शिकाऱ्याचे हात शिवशिवतात. दुकानदार म्हणतो, मोठे काडतूस घ्या!

आता हिशेब पाहा. १९०६ पासून चालत आलेले थर्टी-ऑट-सिक्स आणि १९६३ साली निघालेले थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम ही दोन काडतुसे तेथे फार चालतात. दोन्हींत १८० ग्रेनची गोळी बसते. आपल्या मापात बरोबर एक तोळा. पहिले तिला सेकंदाला सुमारे २७०० फूट वेग देते, दुसरे २९५० च्या आसपास. नेम दोनशे यार्डांवर जुळवलेला असेल, तर पाचशे यार्डांवर पहिलीची गोळी सुमारे चार फूट खाली जाते, दुसरीची साडेतीन फुटांच्या आत. म्हणजे फायदा आठ-दहा इंचांचा! तेवढ्यासाठी खांद्याला बसणारा धक्का मात्र बराच वाढतो, आणि धक्क्याच्या धास्तीने डोळे मिटणारा नेमबाज मी म्हणेन दुबळ्या काडतुसाहून वाईट.

शिवाय खाली जाणे हे ठरलेले गणित आहे. अंतर मोजण्याचे लेझर यंत्र मिळते. दुर्बिणीवरची चकती तेवढी फिरवली की काम झाले. वाऱ्याचे तसे नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा त्या वेगवान गोळीलाही पाचशे यार्डांत दीड फुटाहून अधिक सरकवतो. एल्कच्या काळीज-फुप्फुसांचा भाग जेमतेम सोळा इंच रुंद, म्हणजे मध्यापासून आठ इंच. दहाचा वारा पाचचा समजलात, तर गोळी नऊ-दहा इंच चुकली. मागे सरकली तर पोटात शिरते, आणि ते जनावर तासन् तास तडफडते. गोळी पोचायला सेकंदाच्या निम्म्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात एल्कने एक पाऊल टाकले तरी हाच परिणाम. यावर कोणत्याही दुकानात औषध नाही.

म्हणून पैसा कोठे घालावा? माझ्या मते आधी दुर्बिणीत आणि ती रायफलीवर बसवणाऱ्या कड्यांत. फिटर मंडळींना हे सांगायला नको: चार स्क्रू सैल राहिले की हजारो रुपयांचे यंत्र खोटे बोलू लागते. स्क्रू मोजूनमापून आवळावेत, फाजील जोर करू नये. गोळी अशी हवी की जवळून आदळली तर चिंधड्या होणार नाहीत आणि दुरून वेग मंदावल्यावरही फुलेल. अनेक शिकारी गोळ्या सेकंदाला १८०० फुटांखाली नीट फुलतच नाहीत. वजनदार रायफल स्थिर राहते खरी, पण ती डोंगरावर वाहायची कोणी? आयडाहो राज्यात तर मोठ्या शिकारीसाठी सोळा पौंडांहून जड बंदूक कायद्यानेच मना आहे.

उरलेला पैसा काडतुसांवर घालावा आणि सराव करावा. तोही टेबलावर वाळूच्या पिशव्या रचून नव्हे, तर चढण चढून, धापा टाकत, पाठीवरच्या पिशवीचा टेका घेऊन. आणि पहिलीच, थंड नळीतून सुटलेली गोळी मोजावी, कारण एल्क दुसरी संधी क्वचितच देतो. ज्या अंतरापर्यंत ती पहिली गोळी दरवेळी जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसते, ते त्या माणसाचे अंतर. कोणाचे ते अडीचशे यार्ड भरते, कोणाचे चारशे. एल्क त्यापलीकडे दिसला, तर जाणता शिकारी चकतीला हात लावीत नाही. वारा तोंडावर घेऊन, घळीच्या आडोशाने तो पुढे सरकू लागतो.