वकिलाचे मौन आणि संगणकाची आठवण

डॉक्टर आणि वकील यांच्यापासून काही लपवू नये, असे आपल्याकडे म्हणतात. यामागे साधा व्यवहार आहे. संपूर्ण हकिगत कळल्याशिवाय वकिलाला योग्य सल्ला देता येत नाही; आणि सांगितलेले बाहेर फुटेल अशी भीती असली, तर अशील संपूर्ण हकिगत सांगणार नाही.

म्हणून कायद्यानेच वकिलाच्या तोंडाला कुलूप घातले आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या १२६ व्या कलमात ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यात ती १३२ व्या कलमात आहे. अशिलाने कामासाठी सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून वकिलाने उघड करायची नाही. काम संपल्यावरही हे बंधन सुटत नाही, आणि वकिलाच्या कारकुनालाही ते लागू आहे. मर्यादा कुठे, हे कायद्यातील दोन उदाहरणांवरून कळते. ‘मी बनावट दस्त केला आहे, माझा बचाव करा’ हे सांगणे गुप्त राहते. ‘हा बनावट दस्त वापरून मला मालमत्ता मिळवून द्या’ हे सांगणे मात्र गुप्त राहत नाही, कारण तेथे गुन्हा पुढे घडायचा आहे.

हे झाले वकिलासमोर बसलेल्या अशिलाचे. पण आज माणूस कार्यालयाची पायरी चढण्याआधी संकेतस्थळ पाहतो. तेथे काय घडते?

समजा, शाळेतल्या एका बाईंना घटस्फोटाबाबत सल्ला हवा आहे. मधल्या सुटीत शाळेच्या संगणकावर त्या एका वकील संस्थेच्या संकेतस्थळावरचे घटस्फोटाविषयीचे पान उघडतात, वाचतात आणि बंद करतात. त्यांनी नाव सांगितले नाही, फॉर्म भरला नाही. तरीही कोणाला काय कळले?

न बोलता सांगितलेली माहिती

पहिला जाणकार म्हणजे ते संकेतस्थळ ठेवलेला संगणक, म्हणजे सर्व्हर. पत्राचे उत्तर पाठवायला जसा पत्ता लागतो, तसा पान पाठवायला सर्व्हरला आयपी पत्ता लागतो. तो बहुधा शाळेच्या जोडणीचा असतो, बाईंचा नव्हे. पण त्यासोबत वेळ, मागितलेले पान आणि ब्राउझरचा प्रकार यांची नोंद होऊ शकते.

दुसरी, शाळेला इंटरनेट पुरवणारी कंपनी. संकेतस्थळाच्या पत्त्याची सुरुवात ‘एचटीटीपीएस’ने होत असेल, तर मजकूर सांकेतिक रूपात जातो. हे बंद पाकिटासारखे आहे: आतले वाचता येत नाही, पण पाकिटावरचे नाव सहसा दिसते. कोणते पान वाचले ते कळत नाही; कोणत्या संस्थेचे संकेतस्थळ उघडले ते कळू शकते.

तिसरा, समोरचा संगणक. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानांची यादी राहते आणि पुढच्या तासाला बसणाऱ्याला ती दिसू शकते. ‘खाजगी खिडकी’ वापरली तर ही यादी राहत नाही. मात्र पहिल्या दोघांपासून त्या खिडकीने काहीच लपत नाही.

कुकी म्हणजे चप्पल स्टँडचा बिल्ला

सर्व्हरला मुळात स्मरणशक्ती नसते. प्रत्येक मागणी त्याला नवीच वाटते. यावर उपाय म्हणून नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीची योजना केली. देवळाबाहेर चप्पल ठेवल्यावर आपल्याला क्रमांकाचा बिल्ला मिळतो. स्टँडवाल्याला आपले नाव ठाऊक नसते, पण बिल्ला दाखवला की तो बरोबर आपलीच चप्पल काढून देतो. कुकी हा असाच बिल्ला. सर्व्हर तो देतो, ब्राउझर सांभाळतो आणि पुढच्या वेळी दाखवतो.

यात वावगे काही नाही. पण गावातल्या सगळ्या देवळांबाहेरचे स्टँड एकाच ठेकेदाराचे असले आणि तो सगळीकडे एकच बिल्ला चालवू लागला तर? कोण कधी कोणत्या देवळात गेले, हे त्याला नाव न विचारता कळेल. अनेक संकेतस्थळांवर जाहिरात कंपन्यांच्या कुकी असतात, त्या हेच काम करतात. काही ब्राउझर आता त्यांना अडवतात. वकील संस्थेने असा ठेकेदार आपल्या दारात बसवला, तर वकिलाच्या मौनाला अर्थ काय उरला?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. २००८ मध्ये बार कौन्सिलने नियम बदलून संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता, कामाचे क्षेत्र एवढीच माहिती देण्यास मुभा दिली. म्हणून अनेक संस्थांच्या संकेतस्थळावर आधी एक सूचना येते: ही जाहिरात नाही, आणि हे पान पाहिल्याने वकील-अशील नाते जुळत नाही. तेव्हा तेथल्या फॉर्ममध्ये लिहिलेल्या हकिगतीला मौनाचे संरक्षण मिळेलच असे धरून चालू नये. नाव आणि फोन पुरेसा आहे. हकिगत समोर बसून सांगावी.

कुलूप की कमी सामान?

पनामातील मोसॅक फोन्सेका या वकील संस्थेची १ कोटी १५ लाख कागदपत्रे बाहेर गेल्याचे एप्रिल २०१६ मध्ये जगाला कळले. प्रत्येक कागदपत्र एकाच पानाचे आणि पानाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली, तरी चळत १,१५० मीटर उंच होईल. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. एवढे कागद चोराला उचलता आले नसते. पण संगणकावर ते २.६ टेराबाइट होते, म्हणजे खिशात मावणाऱ्या एका डिस्कएवढे. त्यातून अनेक बड्यांचे व्यवहार उजेडात आले हे लोकहिताचेच. परंतु ज्या वाटेने लबाडाची फाइल बाहेर जाते, त्याच वाटेने पीडिताचीही जाऊ शकते. संस्था २०१८ मध्ये बंद झाली.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला या कायद्यात संमतीच्या अटीतून सूट आहे. नाहीतर दावा लावण्याआधी प्रतिवादीचीच संमती घ्यावी लागली असती! माहिती सुरक्षित ठेवण्याच्या कर्तव्यातून मात्र सूट नाही. त्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

म्हणून जाणती संस्था फाइल सांकेतिक रूपात ठेवते, त्या खटल्यावर काम करणाऱ्यांनाच ती उघडू देते आणि मुदत संपल्यावर नष्ट करते. काही नावे मात्र ठेवावीच लागतात, कारण एका पक्षाचे काम केलेल्या वकिलाला त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभे राहता येत नाही. संकेतस्थळाबाबत नियम आणखी सोपा आहे. जी माहिती गोळाच केली नाही, ती चोरीला जात नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. ब्राउझरमधील सर्व कुकी पुसा, एखाद्या बातम्यांच्या संकेतस्थळावरचे एकच पान उघडा आणि किती बिल्ले जमा झाले ते सेटिंगमध्ये पाहा. त्यांतले त्या संकेतस्थळाचे किती आणि परक्यांचे किती, हे विद्यार्थ्यांनाच मोजू द्या.