पायाखालची सुरांची पेटी

गिटार कशाने वाजवतात? "हे काय विचारणं झालं? हातांनी!" असंच म्हणाल ना? बरोबर आहे तुमचं. पण इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याकडे एकदा नीट बघा. हातांकडे नको, पायांकडे बघा. मध्येच त्याचा बूट पुढे येतो, जमिनीवरच्या एका रंगीत डबीवर टप्पकन पडतो, आणि इतका वेळ मंजुळ वाजणारी गिटार एकदम वाघासारखी गुरगुरायला लागते. दुसरी डबी दाबली की विहिरीत हाक मारल्यासारखे प्रतिध्वनी उठतात. तिसरीवर पाय खाली-वर केला की गिटार चक्क "वाऽव, वाऽव" असं बोलते!

या डब्यांना म्हणतात पेडल. अशी चार-सहा पेडलं एका फळीवर बसवून तारांनी जोडली की झाला पेडलबोर्ड. सुरांच्या मदतीला पाय धावणं आपल्याला काही नवीन नाही बरं का! बालगंधर्वांच्या काळातल्या संगीत नाटकांत ऑर्गन वाजवणारा पायानेच भाता मारायचा.

आता तुम्ही म्हणाल, सेवाग्रामच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंना हे कुठून सुचलं? सांगते. माझ्या वर्गातून गेलेला एक मुलगा आता वर्ध्याला कॉलेजात शिकतो. घरी कास्तकारी. कापूस वेचायच्या दिवसांत घरी राबला, पैसे साठवले आणि एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. गणपतीत मंडळासमोर वाजवायचं ठरलं. मग एक दिवस दारात येऊन उभा. "मॅडम, पेडलं कोणती घेऊ जी? पैसे दोनाचेच आहेत. तिसरं घेतलं तर बाबा घरात घेणार नाहीत." एकेका चांगल्या पेडलला काही हजार रुपये पडतात. चुकीचं घेतलं तर वर्षभराचे कष्ट पाण्यात! म्हणून आम्ही दोघांनी आधी विज्ञानाचं पुस्तक उघडलं.

गिटारच्या तारांखाली एक पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्यात लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्ट्या ऐकल्यात ना? त्या बेंजोलाही असाच पिकअप बसवून त्याचा आवाज गल्लीभर पोचवतात.

ही वीज अगदी दुबळी असते. व्होल्टचा काही दशांश भाग, बस्स! ती अॅम्प्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते आणि स्पीकरमधून आवाज बनून बाहेर पडते. पेडल बसतं या दोघांच्या मध्ये. म्हणजे पेडल आवाज बदलत नाही, ते विजेची लहर बदलतं. ही गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

गुरगुरणाऱ्या पेडलाला डिस्टॉर्शन म्हणतात. त्याच्या सौम्य भावाचं नाव ओव्हरड्राइव्ह. वहीवर डोंगरांची एक रांग काढा. आता पट्टी आडवी ठेवून सगळ्या डोंगरांचे माथे खोडून टाका. सपाट पठारं उरली ना? डिस्टॉर्शन लहरीचं हेच करतं. माथे कापले गेले की मूळ सुराबरोबर कितीतरी नवे उंच सूर आपोआप जन्मतात. त्यांची खरखर म्हणजेच ती वाघाची गुरगुर.

या आवाजाचा जन्म कसा झाला ते तर फारच मजेशीर आहे. अमेरिकेतल्या नॅशविल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू होतं. मिक्सरच्या एका भागात बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज फाटका, घोगरा येऊ लागला. दुसऱ्या कुणी तो पुसून टाकला असता. यांनी ठेवला! १९६१ साली ते गाणं गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच घोगरेपणा मुद्दाम काढणारं सर्किट बनवलं आणि १९६२ साली 'मेस्ट्रो फझ-टोन' नावाने ते बाजारात आलं. १९६५ साली रोलिंग स्टोन्सने ते वापरलं आणि जगभरच्या पोरांना तसाच आवाज हवासा झाला. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांचं 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) या चित्रपटाचं संगीत ऐका. त्यातली गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवलीय. हो, तेच गझला गाणारे!

"वाऽव" बोलणाऱ्या पेडलाचं नाव वा-वा. ते १९६६-६७च्या सुमाराचं. आत्ता जागेवर बसून तोंडाने "ऊऽ" म्हणा आणि तोंड उघडत "आऽ"वर या. गळा तोच, सूर तोच, फक्त तोंडाचा आकार बदलला. वा-वा पेडल पायाच्या हालचालीने तेच करतं. कधी खालच्या लहरींना पुढे जाऊ देतं, कधी वरच्या.

आणि प्रतिध्वनीचं पेडल म्हणजे डिले. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत किमान १७.२ मीटर लांब हवी, हे मोठ्या वर्गातल्या मुलांनी वाचलं असेल. मग चला, एक गणित करू. डिले पेडल ०.४ सेकंदांनी आवाज परत पाठवतं. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला, तर जाऊन येऊन १३७.६ मीटर झाले. म्हणजे भिंत सुमारे ६९ मीटर लांब! एवढं मैदान त्या मूठभर डबीत मावलंय. पूर्वी यासाठी टेपची गुंडाळी फिरवत, आता आवाज आकड्यांच्या रूपात स्मृतीत साठवून थोड्या वेळाने सोडतात.

आता खरी गंमत. पेडलं कुठल्या क्रमाने लावायची? तारा तर कशाही जोडता येतात, सगळीकडून आवाजही येतो. मग क्रमाने काय फरक पडतो?

असं समजा, पाट्यावर खोबरं वाटून घेतलं आणि वरून हिरवीगार कोथिंबीर भुरभुरली. पान न् पान दिसतं. आता उलट करा. कोथिंबीर आधी टाका आणि मग वाटा. झाली चटणी! पान शोधून सापडायचं नाही. डिस्टॉर्शन म्हणजे वरवंटा आणि डिले म्हणजे कोथिंबीर. डिले आधी लावलं तर सगळे प्रतिध्वनी वाटले जातात आणि नुसता गलका ऐकू येतो. डिस्टॉर्शन आधी, डिले नंतर लावलं तर एकेक प्रतिध्वनी स्वच्छ. म्हणून बहुतेक वाजवणारे आधी सूर जुळवायचा ट्यूनर ठेवतात, मग वा-वा, मग ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, मग आवाज दाट करणारा कोरस, आणि शेवटी डिले आणि सभागृहासारखा घुमारा देणारं रिव्हर्ब. पण हा काही पाढा नव्हे. कुणाला चटणीच आवडत असेल तर करावी की त्याने चटणी! फक्त आपण काय करतोय ते ठाऊक असावं.

माझ्या विद्यार्थ्याने दोनांत काय घेतलं सांगू? एक ट्यूनर आणि एक ओव्हरड्राइव्ह. त्याला डिले हवं होतं. मी म्हटलं, "बेसूर गिटारचा प्रतिध्वनीही बेसूरच येईल रे." तोंड वाकडं केलं त्याने, पण ऐकलं. हल्ली एकाच डब्यात शंभर आवाज देणारी डिजिटल यंत्रंही मिळतात आणि सुटी पेडलं घेण्यापेक्षा ती स्वस्त पडतात. नवशिक्याला ती वाईट नाहीत. पण सुट्या पेडलांत कुठल्या डबीने काय केलं ते कानाला नेमकं कळतं, म्हणून मला आपली तीच आवडतात. आणि ही पेडलं सगळी परदेशातूनच येतात असं समजू नका. मुंबईच्या 'अॅनिमल फॅक्टरी अॅम्प्लिफिकेशन' या कंपनीने बनवलेली पेडलं परदेशातले वादकही वाजवतात.

फळी मात्र विकत घ्यायची काही गरज नाही. आम्ही सुताराकडून दोन लाकडी पट्ट्या आणल्या, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर लांब. मध्ये चार बोटांची फट ठेवून त्या दोन बाजूच्या तिरप्या ठोकळ्यांवर ठोकल्या. तिरप्या कशाला? मागच्या रांगेतलं पेडल दाबताना पुढच्यावर पाय पडू नये म्हणून. आणि फट कशाला? तारा तिच्यातून खाली जाव्यात म्हणून. नेहमीचं छोटं पेडल साधारण ७ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर लांब असतं. त्याच मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून आधी फळीवर मांडून बघा. शेजारी-शेजारी तारेच्या पिना घुसायला जागा लागते, ती विसरू नका. मग पेडलांच्या पोटाला चिकटपट्टी, म्हणजे बुटांना असते ती खरखरीत चर्रर्र करून निघणारी पट्टी, लावा. मनात आलं की जागा बदलता येते.

ही अशी पेटी बघायची असेल तर वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जा. तिथे चरखे आहेत. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना जो पेटीचरखा घडला, तो नीट बघा. मोठं चाक, छोटं चाक, चाती, माळ, सगळं एका पेटीत आपापल्या खाचेत. मिटली की हातात धरून आगगाडीत बसा, उघडली की सूत कातायला लागा. पेडलबोर्ड बनवणाऱ्याला यापरता चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

आता वीज. बहुतेक पेडलं ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या पिनेत आतला टोक ऋण, बाहेरचा भाग धन असतो. आपल्या नेहमीच्या बऱ्याच अॅडॉप्टरमध्ये याच्या उलट असतं! उलटं लावलं तर पेडल जळू शकतं. म्हणून दोन्हींवर छापलेली वर्तुळाची खूण जुळवून बघायचीच. मग बेरीज करा. ट्यूनर ३० मिलिअँपिअर, ओव्हरड्राइव्ह १०, पुढे डिले घेतलं तर ६०. झाले १००. अॅडॉप्टर याच्या दुप्पट ताकदीचा असला की काळजी नाही. आणि स्पीकरमधून सतत "गुंऽऽऽ" येत असेल तर? आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, तीच तुमच्या गिटारीत गातेय. विजेच्या तारा आणि गिटारच्या तारा एकत्र बांधू नका, ओलांडायच्या झाल्या तर काटकोनात ओलांडा. तरीही आवाज गेला नाही तर एकेक पेडल काढत जा. ज्याला काढल्यावर गुणगुण थांबली, तोच आपला चोर!

इथे मला जरा कडक आवाजात बोलायचंय. ९ व्होल्टने काही होत नाही, पण अॅम्प्लिफायर २३० व्होल्टवर चालतो. गिटारच्या तारा आतून अॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या असतात. समोरचा माइक दुसऱ्याच साउंडवाल्याच्या यंत्राला. यातल्या एकाचं जरी अर्थिंग तुटलेलं असेल, तर एक हात तारांवर आणि ओठ माइकवर टेकले की मधला रस्ता होतं आपलं शरीर! ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी गावात 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी भर कार्यक्रमात असाच गेला. वय फक्त २७.

आणि आपला मांडव कसा असतो? भाद्रपदातला पाऊस, ओली सतरंजी, आकड्यावरची वीज नाहीतर जनरेटर. तीन पिनांपैकी वरची जाड, लांब पीन अर्थिंगची. ती लांब असते कारण ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि सगळ्यांत शेवटी सुटावी. सॉकेटात बसत नाही म्हणून ती कापणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या मांडवात वाजवू नका. माझ्या विद्यार्थ्याने मंडळाच्या अध्यक्षांना स्पष्ट सांगितलं, "वायरमन काका मीटर लावून तारा आणि माइक तपासतील, मगच मी वाजवीन." मोठी मंडळी हसली म्हणे. वायरमननी तपासलं तर माइकच्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं! मग अॅम्प्लिफायर आणि माइक दोन्ही एकाच नीट अर्थिंग असलेल्या बोर्डावर घेतले, अर्ध्या तासाने कार्यक्रम सुरू झाला. असं तपासायचं काम वायरमननीच करावं, तुम्ही नाही. अॅम्प्लिफायर किंवा अॅडॉप्टर उघडून आत बोट घालायचं नाही, कळलं?

वाजवून झालं की आधी अॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणा, मग तो बंद करा, मग तारा काढा. नाहीतर "ढप्प!" असा दणका बसून स्पीकर दुखावतो. आणि पेडलात बॅटरी घातली असेल तर गिटारची तार रात्री त्यात खोचून ठेवू नका. तार आत गेली की पेडल चालू होतं, दिवा दिसो वा न दिसो. सकाळी बॅटरी रिकामी झालेली सापडते, आणि आमच्या सेवाग्रामात एवढ्या सकाळी एकही दुकान उघडं नसतं!