गिअरची तरफ आणि स्वाराचा पाय

कलकत्त्यात बालीगंजमधील गरियाहाटच्या चौकातून मोटारसायकल नेताना गिअर वारंवार बदलावा लागतो. त्या श्रमाने घोटा दुखू लागल्यास पायाला बोल लावण्यापूर्वी गिअरच्या तरफेची उंची तपासावी. अर्धवट पडलेला गिअर ऐन गर्दीत निसटला, तर अपघाताचे भय असते.

नेहमीचा बूट घालून गाडीवर बसावे. पाय फूटरेस्टवरून न उचलता बुटाचे टोक तरफेखाली शिरत नसेल, तर तरफ उंच करावी. ती दाबण्यासाठी पाय उचलावा लागत असेल, तर खाली घ्यावी. बहुतेक गाड्यांत बोल्ट काढून तरफ दातेरी दांड्यावर एक दाता सरकविली की पुरते. मग बोल्ट आवळून सर्व गिअर नीट पडतात याची खात्री करावी.

पूर्वी बुलेटची तरफ उजव्या पायाशी असे, आता ती डावीकडे आली. उंचीचा हा नियम मात्र तोच राहिला आहे.