एचआयव्ही आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा दहावीपाशी सुटली. पुढे जे शिकलो ते कारखान्याच्या बॉयलरघरात आणि युनियनच्या कचेरीत, रात्री पुस्तके वाचून. मग हा विषय आम्ही का घेतला? त्याला कारण आमचा एक सभासद. त्याला एचआयव्हीची लागण होती, पण गोळ्या चालू होत्या आणि प्रकृती धडधाकट होती. पुढे पाळी बदलली. दवाखान्यासाठी रजा मागितली तर कारण विचारतील, या भीतीने त्याने चार महिने गोळ्या सोडल्या. बेचाळिसाव्या वर्षी त्याला हृदयविकाराचा झटका आला. सुदैवाने तो वाचला. तो विड्याही ओढीत असे, तेव्हा सारा दोष गोळ्या सोडण्यावर टाकता येणार नाही. परंतु या विषाणूचा हृदयाशी संबंध काय, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

बॉयलरचा नळ निर्जीव असतो. तो गंजला की फिटरला बोलवावे लागते. रक्तवाहिनीचे तसे नाही. तिला आतून पेशींच्या एकाच थराचे जिवंत अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्याने वाहिनी सैल राहते आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका तिच्या भिंतीला चिकटत नाहीत. या वायूच्या कार्याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अस्तर कोठे खरवडले गेले, तर शेजारच्या पेशी वाढून ती जागा भरून काढतात. म्हणजे येथे फिटर घरातच राहतो.

एचआयव्ही मुख्यतः शिरतो तो रोगप्रतिकार करणाऱ्या सीडी-४ पेशींत. नियमित औषधांनी तो रक्तात सापडेनासा होतो, तथापि काही पेशींत दडून राहतोच. शिवाय लागणीच्या प्रारंभीच आतड्याच्या भिंतीतील सीडी-४ पेशी मोठ्या संख्येने मरतात. ती भिंत झिरपू लागते आणि आतड्यातील जंतूंचे कण रक्तात उतरतात. त्यामुळे शरीराचा पहारा कधी उठतच नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखा एक मंद दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि त्याची धग अस्तराला लागते. नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, रक्त गोठण्याकडे झुकते, भिंतीत चरबी साचते. दुरुस्ती करणाऱ्या पेशीही लवकर म्हाताऱ्या होतात आणि झीज भरून येईनाशी होते. म्हणूनच या रुग्णांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीड ते दोन पट आढळतो.

मग औषधांचाच त्रास हृदयाला होत असेल, असे काहींना वाटते. जुन्या काही औषधांनी रक्तातील चरबी वाढे, हे खरे. औषधे मधूनमधून थांबविली तर असे दुष्परिणाम टळतील, या आशेने ‘स्मार्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. २००६ साली तिचा निष्कर्ष आला, तो नेमका उलटा: औषधे थांबविणाऱ्यांत मृत्यूही अधिक आणि हृदयविकारही अधिक. विषाणू मोकळा सुटला की निखारा पुन्हा पेट घेतो. पुढे २०२३ साली ‘रिप्रीव्ह’ चाचणीत ७,७६९ रुग्णांचा अभ्यास झाला. नेहमीच्या एचआयव्हीच्या औषधांच्या जोडीला पिटाव्हास्टॅटिन ही चरबी उतरविणारी गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात इत्यादींचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाले.

तेव्हा करावयाचे काय? गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत. विडी-तंबाखू सोडावी. रक्तदाब, साखर व चरबी तपासून घ्यावी आणि चरबीच्या गोळीविषयी डॉक्टरांना विचारावे. आपल्या देशात एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रांतून २००४ पासून मोफत मिळतात. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीच्या कारणावरून कामगाराशी नोकरीत भेदभाव करण्यास मनाई आहे.

राहिली गोष्ट आम्हा सर्वांची. शेजारी काम करणारा महिन्याकाठी एक दिवस दवाखान्यात जात असेल, तर का म्हणून विचारू नये. त्याची पाळी सांभाळावी. आमचा तो सभासद आता पुन्हा कामावर आहे. त्याच्या त्या दिवसाची पाळी आम्ही आपसांत वाटून घेतो.