सरपण फोडण्यासाठी हत्याराची निवड

घरात गॅस आला तरी आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी आणि भाकरीसाठी अनेक घरांत आजही सरपण लागते. बांधावरची बाभूळ, सुबाभूळ किंवा सुरू तोडून पावसाळ्यापूर्वी फोडून ठेवली जाते. मात्र तोडणी आणि फोडणी ही दोन्ही कामे बहुतेक ठिकाणी एकाच कुऱ्हाडीने होतात. त्यामुळे कष्ट वाढतात आणि इजेचा धोकाही वाढतो.

तोडणे वेगळे, फोडणे वेगळे

झाड तोडताना लाकडाचे तंतू आडवे कापायचे असतात. त्यासाठी पातळ पाते व तीक्ष्ण धार लागते. फोडताना मात्र तंतू कापायचे नसून एकमेकांपासून अलग करायचे असतात. पातळ पाते ओंडक्यात रुतून बसते आणि ते उपसण्यातच निम्मी शक्ती जाते. म्हणून फोडणीच्या कुऱ्हाडीचे पाते धारेपासून मागे पाचरीसारखे जाड होत गेलेले असावे. गावच्या लोहाराकडून असे पाते घडवून घेता येते.

वजन किती असावे?

जड कुऱ्हाड चांगली, हा समज पूर्ण खरा नाही. वजन दुप्पट केले तर घावाची ऊर्जा दुप्पट होते, परंतु वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. त्यामुळे जे वजन तुम्ही वेगाने फिरवू शकता, तेच योग्य. बहुतेकांना दीड ते दोन किलोचे पाते पुरते. घरात सरपण भगिनी फोडत असतील तर निवडही त्यांनीच करावी. एकदा उचलून ठरवू नये. सलग दहा-पंधरा वेळा उचलून पाहावे.

दांडा

धामण किंवा बाभळीचा, गाठ नसलेला, सरळ तंतूंचा दांडा घ्यावा. लांबी ७५ ते ९० सें.मी. असावी. आखूड दांड्याचा चुकलेला घाव पायाकडे वळतो, लांब दांड्याचा बहुधा जमिनीत जातो. सैल दांडा पाण्यात भिजविण्याची पद्धत धोक्याची आहे. लाकूड तेवढ्यापुरते फुगते, पण वाळल्यावर अधिकच सैल होते. लहानपणी मीही असेच केले होते. दुसऱ्या दिवशी पाते निसटून गोठ्याच्या भिंतीवर आदळले. वासरू नुकतेच तेथून सोडले होते. तेव्हा दांडा भिजवू नका, पाचर मारून घट्ट करा.

गाठाळ ओंडक्यांसाठी

चिंचेचे किंवा गाठी असलेले बुंधे कुऱ्हाडीने फोडण्याचा हट्ट धरू नये. दोन लोखंडी पाचरी व तीन-चार किलोचा घण वापरावा. कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारू नये. दांडा बसविण्याचे भोक फाकते. पाचरीचे डोके ठोकून फुलले असल्यास कानशीने घासून घ्यावे, अन्यथा लोखंडाची कपची उडून डोळ्यात जाते.

लक्षात ठेवा

१) ओंडका जमिनीवर नव्हे, रुंद लाकडी ठोकळ्यावर उभा ठेवावा.
२) बंद बूट घालावेत, मुलांना दूर ठेवावे.
३) बरीचशी लाकडे ओली असताना सहज फुटतात, वाळल्यावर चिवट होतात. म्हणून तोडणीनंतर लवकर फोडावे.
४) फोडलेले सरपण लवकर वाळते. वाळलेल्या सरपणाचा धूर कमी होतो आणि चुलीपुढे बसणाऱ्या माउलीच्या डोळ्यांचा त्रासही कमी होतो.

तेव्हा नवे हत्यार घेण्यापूर्वी आधी आपल्या अंगणातील लाकूड पाहा, मग ते फोडणाऱ्याचे हात पाहा आणि त्यानंतरच लोहाराकडे जा.